ही होडी आहे, टाकी नाही!

होडीच्या तळात पाणी कुठून येतं ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. फळ्यांच्या फटीतून येतं, इंजिनाच्या पंख्याच्या दांड्याजवळून झिरपतं, वरून उडतं. बघत बसलं तर येत नाही आणि जरा पाठ वळली की घोटाभर झालेलं असतं. फजितीच्या किश्श्यांचंही तसंच. मी रोजचं काम रोज लिहून ठेवणारा माणूस. कुठली तार कुठे जोडली, कुठल्या रंगाची, सगळं चित्र काढून. पण पनवेलच्या खाडीवरच्या धक्क्यावर जे काम केलं, त्याची पानं चाळायला घेतली की तारा कमी आणि लाजच जास्त हाताला लागते.

तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. धक्क्यावर गेलात तर माझी ओळख मात्र देऊ नका!

*

माझं मुख्य काम करंजाडेच्या सोसायट्यांमध्ये. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप सुरू, भरली की आपोआप बंद. कुठल्या शाळेत शिकलो नाही. जळालेलं उघडत, बदलत जेवढं कळलं तेवढं.

बाजारात मी मासे घेतो ते हिराकाकींकडे. एकदा मांदेली साफ करता करता त्यांनी विचारलं, "भाऊ, टाकीला पानी चरलं का वाजनारा यंत्र तुमीच बसवता ना? आमचे होरीला बसवा."

काकींचे यजमान धर्मा नाखवा. त्यांची एकच जुनी लाकडी होडी, आणि ती थोडी गळायची. नाखवा तिच्यातच झोपायचे. तळात पाणी वाढलं की त्यांना म्हणे झोपेतही कानानं कळायचं. मग उठून उपसायचं. गेल्या थंडीत छाती धरली, डॉक्टरांनी ओलीत झोपायला सक्त मनाई केली, पण नाखवा ऐकेनात.

"तुमचा यंत्र जागा राहील," काकी म्हणाल्या, "तर माजा मानूस घरी निजंल."

मी काय म्हणावं? "काकी, नाखवा घरी झोपले असं समजा!"

मांदेलीची पिशवी हातात घेऊन मी रुबाबात निघालो. तो रुबाब शेवटचा.

*

तळाला पंप बसवला. बाजूला फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर उचलला जाणारा स्विच. जोड गरम करून सील केले, तारा क्लिपा मारून सरळ रेषेत नेल्या. धक्क्यावरचे चार जण येऊन बघून गेले. "साफ काम हाय," म्हणाले.

"आता बघा," मी म्हणालो आणि बॅटरी जोडली.

पंप लगेच घुर्रर्र सुरू झाला. तळ कोरडा ठणठणीत!

"पानी नसताना काय खेचतोय?" नाखवांनी विचारलं.

"पाणी टाका, मग कळेल," मी म्हणालो. खलाशांनी बादल्या ओतल्या. पाणी चढलं, फ्लोट उचलला गेला आणि पंप गप्प झाला. अगदी गप्प. आणखी बादल्या ओतल्या. तो आपला शांत.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा कान तापले. इतकी वर्षं हाताला जी सवय, तीच जोडणी मी केली होती. पाणी नाही, पंप सुरू. पाणी भरलं, पंप बंद!

नाखवा तळातल्या पाण्यात उभे होते. लुंगी वर धरून शांतपणे म्हणाले, "वायरमन, ही होरी हाय, टाकी नाय. हिला भराची नसते!"

त्या दिवसापासून धक्क्यावर माझं नाव 'टाकीवाला'. ओतलेलं सगळं पाणी मी एकट्यानं उपसलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण मान वर करायला नको म्हणून बरं पडलं.

*

पंप सुलटा झाला. आता अलार्म. बोटीचा खास अलार्म पनवेलमध्ये मिळेना. शौकतभाईंचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आखातात बरीच वर्षं काढून आलेला माणूस, 'नाही' हा शब्द त्यांच्या दुकानात मिळत नाही.

"तुला आवाजाशी मतलब ना?" त्यांनी एक दारावरची बेल काढून दिली. "ही ने. इन्शाअल्ला, मेलेला माणूस उठेल!"

घाईत मी ती वाजवून बघितली नाही. मी! जो दोन रुपयांचा स्क्रूसुद्धा फिरवून बघून घेतो!

धक्क्यावर चाचणी. नाखवा, दोन खलाशी, आणि यावेळी काकीही मुद्दाम आल्या होत्या. पंप बंद ठेवून पाणी ओतलं. फ्लोट उचलला गेला आणि बेलमधून खणखणीत आरतीची चाल सुरू झाली.

खलाशांनी चपला काढल्या. नाखवांनी टोपी सरळ केली आणि डोळे मिटले. काकींनी पदर घेतला. तळात पाणी, आणि चौघं हात जोडून उभे!

"अहो, पाणी! पाणी आलंय!" मी ओरडलो.

नाखवांनी एक डोळा उघडला. "आरती व्हऊंदे. मधीच हालाचं नसतं."

आता मी तरी काय करणार? मीही हात जोडले.

परत गेल्यावर शौकतभाईंना सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "मला काय माहीत ती किती लांब आहे! आमच्याकडे गिऱ्हाईक पहिल्या ओळीलाच बंद करतो!"

*

त्यानंतर मी टेम्पोचा रिव्हर्सचा हॉर्न लावला. तो हिंदीत बोलतो, गाडी मागे येते आहे, सावधान. हा एका दिवसात उतरवला. कारण विचारू नका.

बरं, विचारलंच आहे तर सांगतो. ओहोटीला होडी चिखलात बसलेली. तळात पाणी चढलं आणि हॉर्न बोलला. शेजारच्या होडीवरची बाई जाळं टाकून उठली आणि ओरडली, "धर्मा नाखवा, रिव्हर घेताय का? मांगं माजी बोट हाय!"

अख्खा धक्का हसला. नाखवाही हसले. काकी मात्र हसल्या नाहीत. पाटी उचलताना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, काल रातचा पन तो होरीवरच निजला."

त्या दिवसापासून मी बाजारात मासे दुसऱ्या टोकाकडून घ्यायला लागलो.

*

शेवटी साधा बझर आणला. कर्कश, बिनदेवाचा, बिनगाडीचा. सोबत तीन खटक्यांचं बटण: ऑटो, बंद, चालू. ऑटोवर ठेवायचं की झालं, पाणी आलं की पंप आपोआप सुरू आणि बझरही वाजणार.

पहिल्याच रात्री नाखवा घरी झोपले. सकाळी होडीत गुडघाभर पाणी!

मी धावत गेलो. बटण 'बंद'वर.

"हे कुणी बंद केलं?"

"मीच," नाखवा म्हणाले. "घरा जाताना सगला बंद करून जावाचा ना! मानूस नाय तं लाईट कोनासाठी जालाची?"

आता यात त्यांचं काय चुकलं? सोसायट्यांच्या जिन्यांत 'जाताना दिवे बंद करा' अशा पाट्या मीच तर हातानं रंगवून लावतो! मी बटणावर झाकण बसवलं आणि वर लिहिलं, 'हात लावू नये'. नाखवांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टाकीवाले, आता मीच हात लावत नाय. मी होरीवरच निजतो, तेच बरा."

म्हणजे फिरून पहिल्याच ठिकाणी!

*

मग मी हट्टालाच पेटलो. नाखवांचं घर धक्क्याला लागूनच. होडीपासून घरापर्यंत तीन तारांची केबल बांबूंवरून नेली. होडी बाहेर जाताना प्लग काढायचा, आली की लावायचा. पाणी वाढलं तर बझर होडीवर वाजेल आणि घरातही वाजेल. तिसऱ्या तारेवर घरात एक बटण दिलं. ते दाबलं की होडीवरचा बझर वाजतो, म्हणजे लाईन तुटलेली नाही हे घरबसल्या कळतं. काकींना दाखवलं. त्यांनी दाबून बघितलं, खिडकीतून आवाज ऐकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. आता हे काम पक्कं, असं मी लिहूनही टाकलं.

आठवडा गेला नाही तोच नाखवांचा फोन. "वाजतोय. पानी नाय आन वाजतोय!"

गेलो. तळ कोरडा. फ्लोट काढून बघितला, चांगला. तरी नवा घातला. पुन्हा फोन. यावेळी सगळे जोड कापून नव्यानं केले. पुन्हा फोन. मी खाऱ्या हवेला दोष दिला, उंदरांना दोष दिला, शौकतभाईंच्या बझरला दोष दिला. चहाच्या टपरीवरून आवाज यायचा, "ओ टाकीवाले, भरली का?"

"कवा वाजतो?" मी नाखवांना विचारलं. त्यांचं ऐकून ऐकून माझी भाषाही तशीच झाली होती.

"दुपारी वाजतो. सांजचा वाजतो. थांबून थांबून, रागानं वाजल्यावानी वाजतो." नाखवांनी तळाकडे बोट दाखवलं. "वाजतोय म्हंजे कायतरी हाय. फली कुठंतरी सुटाला आलीय, आपल्याला दिसत नाय. आता मी दिवसाचा पन होरी सोरनार नाय."

बघा! रात्री घरी आणायचं म्हणून बोललो होतो, तो माणूस माझ्या यंत्रानं दिवसाही घरातून काढला. घर तिथं दहा पावलांवर, पण काकींच्या दारात जायला तोंड नव्हतं. तिकडच्या बटणाजवळ मी एकदाही फिरकलो नाही. होडीतच उकिडवा बसून तारा मोजत राहिलो.

शेवटी एका दुपारी ठरवलं, काकींना जाऊन सांगायचं की हे काम मला जमलं नाही, सगळं काढून नेतो.

काकींनी दोन ताटं वाढली होती. कालवणाचा वास घरभर. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात, मीच बोलावनार व्हते."

"काकी, माफ करा, माझ्या हातून..."

"ते मागून. आदी हे बगा." त्या भिंतीजवळ गेल्या आणि बटणावर अंगठा दाबून धरला. खाडीकडून बझरचा कर्कश आवाज आला. सोडलं. पुन्हा दाबलं, जरा जास्तच जोरात.

खिडकीतून मला दिसलं, होडीवर नाखवा टॉर्च घेऊन कमरेत वाकले आणि तळात डोकं घालून बघायला लागले.

"बगितलंत?" काकी माझ्याकडे वळल्या. "रोज जेवान वारून दाबते. दाबून दाबून बोट दुकला, पन तो घराकरं फिरकत नाय! भाऊ, तुमचा यंत्र बिगारलाय!"