मंजुळाची हातशिलाई

लेकीच्या लग्नाला अठरा दिवस उरले होते आणि शैलाताईंच्या डोक्यातून मंजुळा काही केल्या जात नव्हती. आचारी ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, विदुलाचा शालू आणून झाला होता. त्या सगळ्याची काळजी वाटायची आणि कामाच्या गडबडीत विरून जायची. मंजुळाची मात्र सकाळी दूध तापवताना यायची, दुपारी पेपर वाचताना यायची आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की तिथेही हजर असायची. विदुलाचं सगळं रुखवत मंजुळाकडे होतं आणि मंजुळाचं शिवणाचं मशीन सहा आठवडे दुरुस्तीला होतं.

रुखवत मुलीच्या हातचं असतं, असं सगळ्यांनी सगळ्यांना सांगायचं असतं. शैलाताईंनीही व्याह्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं की विदुला स्वतः करतेय सगळं, बँकेतून आली की बसते. विदुला बँकेतून आली की पंख्याखाली आडवी होऊन मासिक वाचायची. सुईत दोरा ओवायचा तर तिला आई लागायची.

त्यात नवऱ्यामुलाची आत्या शिवणाच्या परीक्षांना परीक्षक म्हणून जाणारी. मागे एका लग्नात तिने रुखवतातला अभ्रा उचलला, उलटा केला, आतली शिवण नाकाशी धरून पाहिली आणि एक अक्षर न बोलता परत ठेवला. ती बोलली असती तर लोक विसरले असते. तिच्या त्या न बोलण्याची गोष्ट दादरमध्ये अजून सांगत होते.

मंजुळा शैलाताईंना भेटली ती गिरणी संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात. दादरच्या महिला मंडळाला तेव्हा गिरणगावाचा कळवळा आला होता. कळवळा असा, की संपकऱ्यांच्या बायकांना लोकरीचं विणकाम शिकवावं. ज्यांच्या डब्यात तांदूळ उरला नव्हता त्यांना मुंबईत, जुलै महिन्यात, स्वेटर. मंडळातल्या बाराही जणी शिकल्यासवरलेल्या, शैलाताई तर बी.ए. आणि वर चिटणीस, पण यात काही विचित्र आहे असं एकीलाही वाटलं नाही. उद्घाटनाला फोटो निघाला. त्यात पुढे मंडळाच्या बायका होत्या आणि मागे, उंच होत्या तेवढ्या, संपकऱ्यांच्या.

घोडपदेव आणि कॉटन ग्रीनकडून चौदा जणी आल्या होत्या. मंजुळा त्यातली एक. किडकिडीत, काळीसावळी, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या कपड्यांच्या शिवणीकडे पाहणारी. तिसऱ्या दिवशी तिला सुलट-उलट आलं. चौथ्या दिवशी शैलाताई फळ्यावर बाहीचे टाके कमी करत न्यायचं गणित मांडत होत्या, तेव्हा मागून आवाज आला, "ताई, या गणितानं माणसाचा एक हात हत्तीचा होईल."

शैलाताईंनी फळा पुसला, पुन्हा मांडला, आणि हात खरंच हत्तीचा होत होता.

दिवाळी जवळ आली तसा मंडळाचा कळवळा फराळाकडे वळला आणि वर्ग बंद पडला. तेरा जोड सुया परत आल्या. चौदावा मंजुळाकडे राहिला, आणि त्या एका जोडाची चौकशी मंडळाच्या दोन बैठकांत झाली. मंजुळाला ते कळलं तेव्हा तिने सुया धुऊन, फडक्यात बांधून, स्वतः आणून दिल्या. म्हणाली, सायकलच्या चाकाच्या तारा घासून मी त्यापेक्षा चांगल्या केल्यात.

ती घोडपदेवलाच जन्मली, सातवीपर्यंत शिकली आणि त्याच चाळीत दोन खोल्या सोडून सासरी गेली. नवरा उत्तम, गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात फिटर. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने गावी परतणाऱ्या एका शिंप्याकडून पायमशीन घेतलं, आपल्या हाताने तेलपाणी केलं आणि तिच्यासमोर ठेवलं. संपात त्याच मशीनवर चार तोंडं जगली. परकर, झबली, शाळेचे गणवेश, साड्यांना फॉल, येईल ते ती शिवायची. गिऱ्हाइकाला गोड बोलणं तिला जन्मात जमलं नाही. एका बाईने ब्लाऊज असा शिव की मी बारीक दिसेन म्हटल्यावर तिने मापाची पट्टी गुंडाळून ठेवली आणि म्हणाली, त्याला जेवण कमी करावं लागतं, मी कापड कमी करते. मालक, पुढारी, भाषणं करणारे, मदतीचे फॉर्म भरून घेणारे, सगळ्यांना तिने एकाच मापाने मोजलं होतं आणि कुणीच बसत नव्हतं. शैलाताईंना ती अजिबात आवडायची नाही. पण रुखवताची वेळ आली तेव्हा त्यांना दुसरं नाव सुचलं नाही.

म्हणून रविवारी त्या स्वतः घोडपदेवला गेल्या.

मंजुळा दारातच, उजेडाकडे तोंड करून, क्रोशाने तोरण विणत बसली होती. मशीन दुरुस्तीला दिलंय म्हणजे कुठल्या तरी दुकानात असेल असं शैलाताई धरून चालल्या होत्या. मशीन तिथेच होतं. खोलीच्या मधोमध वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर मशीनचा एकेक भाग रॉकेलने धुऊन ओळीने मांडलेला, आणि मागे उत्तम. दाढी केलेली, भांग पाडलेला, इस्त्रीचा खाकी शर्ट. हातात बारीक कानस.

"या ताई," तो उठून उभा राहिला. "खातं बंद आहे आज. ओव्हरहॉलिंग काढलंय."

मग त्याने सगळं समजावून सांगितलं. मशीनच्या पोटातलं, खालचा दोरा धरणारं शटल घासत होतं. गिरणीत साचा कुठे घासायला लागला की फिटर कानस फिरवतो, तशी त्याने फिरवली. पण गिरणीतल्या साच्याच्या मानाने हे म्हणजे खेळणं. दोन हात जास्त गेले, शटल ढिलं झालं, टाका सुटायला लागला. आता तो पोलादाच्या तुकड्यातून नवं शटल घडवत होता. हे तिसरं. पहिली दोन त्याने डबीतून काढून दाखवली. सोनाराने दागिना दाखवावा तशी.

शैलाताईंनी ती पाहिली आणि मनात म्हटलं, धन्य आहे. दादरला कुठल्याही दुकानात नवं शटल मिळतं, अर्ध्या तासाचं काम. आणि हा बावीस वर्षं गिरणीत काढलेला माणूस सहा आठवडे पोलाद खरवडत बसलाय, आणि ही बाई त्याला बसू देतेय. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली दोघांची पोरं अभ्यास करत होती. मोठीने पाण्याचा पेला आणून दिला. शैलाताई पाणी प्यायल्या, आणि आपण इथलं पाणी प्यायलो याची त्यांनी मनातल्या मनात स्वतःला शाबासकीही दिली.

निघताना मंजुळा झालं तेवढं रुखवत बांधलेलं बोचकं द्यायला जिन्यापर्यंत आली. शैलाताईंनी आवाज खाली आणून सांगितलं की त्यांच्या ओळखीचे शामराव मेकॅनिक आहेत, उद्या पाठवते, तुला पैसे काही पडायचे नाहीत.

"नको," मंजुळा म्हणाली.

"अगं, पण दिवस किती राहिलेत? आणि तो काय करतोय ते तुला दिसत नाही का?"

मंजुळाने पहिल्यांदा शैलाताईंच्या तोंडाकडे पाहिलं. "ताई, गिरणी चालू झाली तेव्हा गेटवरच्या यादीत याचं नाव नव्हतं. त्याच्यानंतर दीड वर्ष हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला. आंघोळ कर म्हणून मला सांगायला लागायचं. आता सकाळी सातला उठतो, दाढी करतो, शर्टाला इस्त्री मागतो. मशीन काय हो, मी डोक्यावर घेऊन जाईन आणि नीट करून आणीन. याला कुठं नेऊ?"

शैलाताईंनी मान हलवली. कळलं अशी हलवली. बस मिळाली, खिडकी मिळाली, आणि परळ यायच्या आत त्यांना आत्या आठवली. अभ्रे, पडदे, टेबलावरची चादर, लांबच लांब शिवणी. हातशिलाई कुठेतरी वाकडी जाणारच, आणि आत्याच्या एका नजरेत ती उघडी पडली असती. दादरला उतरून त्या सरळ शामरावांच्या दुकानात गेल्या. उद्या अकराला घोडपदेवला जा, म्हणाल्या. नवं शटल घेऊनच जा. माझं नाव सांगू नका, मंडळातर्फे आलोय म्हणा. कुणी नको म्हणालं तरी बसवूनच या. शामरावांनी पत्ता लिहून घेतला आणि पावती दिली. पावती पर्समध्ये टाकताना शैलाताईंना हलकं वाटलं. तिचंही कामच होणार आहे, असंही त्यांनी स्वतःला सांगितलं. मंडळात अशी वाक्यं त्यांनी पुष्कळ लिहिली होती.

जेवणं झाल्यावर त्यांनी बोचकं सोडलं. लोकरीचं झबलं आणि टोपडं, मण्यांचा हत्ती, सुपारीची नवरा-नवरी, आणि तळाला सहा अभ्रे. अभ्रे झालेले होते. शैलाताईंनी चष्मा लावला, एक उलटा केला आणि आत्यासारखाच दिव्याजवळ नेला. बारीक, सलग, एकसारखी टीप. मशीनची म्हणून कुणीही सोडून दिली असती. नखाने चाचपल्यावर कळलं, उलटी टीप आहे, हाताने घातलेली, एकेक टाका. चारी बाजूंनी. सहाही अभ्र्यांना. चूक शोधायला त्यांनी सहाव्यापर्यंत पाहिलं. एक सापडली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

सगळ्यांत खाली क्रोशाचा एक रुमाल होता. तो मात्र भयंकर होता. गोल म्हणून सुरू झालेला, मध्येच विचार बदललेला, एका बाजूला फुगलेला.

"हा काय पाठवलाय हिने?" त्या म्हणाल्या.

विदुलाने मासिक खाली केलं. "तो माझा आहे."

शनिवारी बँक अर्धा दिवस असते, तेव्हा ती घोडपदेवला जात होती. पाच शनिवार. मंजुळाने माप घ्यायला म्हणून बोलावलं आणि हातात क्रोशा दिला. आईला सांगितलं असतं तर आईने दुसऱ्याच दिवशी व्याह्यांना कळवलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

"मावशी म्हणाल्या, एवढ्या सगळ्यात तुझं एक तरी खरं असू दे," विदुला म्हणाली. "आणि उत्तमकाका मशीनचं फार छान समजावून सांगतात. माझा क्रोशा त्यांनीच घासून दिला. त्यांचं शटल या आठवड्यात बसेल म्हणत होते. बसलं तर बघायला बोलावलंय मला."

ती पुन्हा मासिकात गेली. शैलाताई अभ्रा हातात घेऊन तशाच बसल्या. उद्या अकराला काय होईल ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. शामराव दारात उभे राहतील, वर्तमानपत्रावरचा पसारा पाहून हसतील, खिशातून चकचकीत शटल काढतील, अर्ध्या तासात मशीन गडगडायला लागेल. उत्तम आभार मानेल, कारण तो सभ्य माणूस होता. मग इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावेल. आणि मंजुळा काही बोलणार नाही. आत्याचं न बोलणं त्यापुढे काहीच नव्हतं.

त्यांनी वाकडा रुमाल घडी करून सगळ्यांत वर ठेवला आणि पर्समधून पावती काढली. कोपऱ्यात फोन नंबर छापलेला होता. शामराव दुकानाच्या वरच राहायचे, या वेळी घरीच असणार. ते विचारतील, का हो, काय झालं? मशीन चांगल्या फिटरकडे दुरुस्तीला दिलेलं आहे, एवढं सांगितलं तरी पुरे होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या उठल्या आणि फोनपाशी गेल्या.