तलावाच्या फोटोतला सापळा

"माय, साधना पाह्यत नसंल का वं?"

"मले काय विचारतं? तुह्या डब्ब्यातलं मले काय समजते?" कुंताबाईनं मासळीची पाटी खाली ठेवली. वाघाच्या जंगलालगतच्या मोहर्लीतल्या या लॉजच्या स्वयंपाकघरात ती रोज मासळी द्यायची, आणि जाताना ऑफिसात पोराकडं डोकावायची.

पोरगा म्हणजे भूपेश. चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकून आला आणि लॉजची वेबसाइट त्याच्याच गळ्यात पडली. २००७ साल असेल. माय विचारायची तेव्हा तो सांगायचा, पान नुसतं पडून असते, कोणी बोट लावलं की जागं होते. कुठी लावलं की काय करायचं, एवढंच मी लिहून ठेवतो.

साधना त्यांच्याच तलावाच्या काठावरची, शेजारच्या मासेमार ढिवराच्या घरची. नर्सिंग करून पुण्याला गेली. फोन नंबर बदलला, नवा कोणाजवळ नाही. जाताना मात्र तिनं वेबसाइटचं नाव पेनानं तळहातावर लिहून घेतलं होतं.

म्हणून भूपेशनं पहिल्याच पानावर तलावाचा फोटो टाकला. लव्हाळ्यात मासे धरायचा बांबूचा सापळा अर्धा बुडालेला. शहरातल्या माणसाला तो कचऱ्यासारखा दिसावा. त्यावर माऊस दाबला की सापळ्याचं तोंड उघडायचं, आत तिच्यासाठी दोन ओळी, आणि भूपेशच्या मशीनवर निरोप. पान पुण्याहून उघडलं जायचं. पण पुण्याचे टुरिस्ट तर ढीगभर. सारे वाघाच्या फोटोकडं पळायचे. सापळ्याला कोणी हात लावला नाही. दिवाळी गेली, मोहाची फुलं पडून गेली.

आज त्यानं मायला सगळं दाखवलं. कुंताबाई स्क्रीनजवळ वाकली. सापळा तिनं लगेच ओळखला.

"हा कोनाचा?"

"आपलाच."

"मंग थे कायले हात लावन?" ती सरळ झाली. "ढिवराची पोरगी हाय थे. दुसऱ्यानं लावलेल्या सापळ्याले आपल्यात कोनी हात लावते का? तू लावला असता?"

 कोणत्या ब्राउझरात चालेल, संथ लाइनवर उघडेल का, सारं त्यानं तपासलं होतं. हे नाही. कदाचित ती आली असेल, ओळखलंही असेल, आणि हात मागं घेतला असेल.

त्यानं सापळ्यावर बांधलेली कोडची ओळ काढली. त्याच फोटोतल्या घाटाच्या दगडावर बांधली, जिथं कोणीही पाय धुवायला उतरतो. आता दाबायचीही गरज नाही, माऊस नुसता वरून गेला तरी पुरे.

"इथी तं येईन नं?"

"आली तं येईन," माय म्हणाली आणि पाटी उचलून निघाली.

तेवढ्यात मॅनेजर आत आला. बुकिंगच्या पानावर गिऱ्हाईक तारीख बदलते, पण खाली सफारीच्या गाड्या जुन्याच तारखेच्या दिसतात, अशी तक्रार होती. भूपेशनं तलाव बंद केला, बुकिंगचं पान उघडलं आणि तारखेच्या चौकटीला काय बांधलंय ते वरून वाचायला लागला.