इतिहासाचा वर्ग भरला तो दिवस

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला इतिहास घेऊन मी अंबडला जायचे. जायचे म्हणजे एसटीतून उतरून रिकाम्या वर्गात बसायचे. बरोबरच्या मुलींची एकेक करून लग्नं झाली होती. पोरं मैदानावर पोलीस भरतीसाठी पळायची. त्यांचा सगळा इतिहास गाईडमध्ये. तासिकेवर नेमलेले सर दारातूनच विचारायचे, "तू एकटीच? मंग उद्या बघू." तो उद्या काही उगवत नव्हता. घरी मात्र मी रोज तास झाल्याच्या थापा मारायचे. कॉलेज सुटलं की माझ्यासाठी स्थळं बघणार, हे मला पक्कं माहीत होतं.

कुणीतरी माझ्या वडिलांचे कान भरलेच. अप्पा म्हणाले, "बाजाराला आलो की बघून जातो. तास होत नसतील तर घरीच वाच."

बाजाराच्या दिवशी मी थेट मैदानावर गेले. ज्या पोरांशी वर्षभर एक शब्द बोलले नव्हते त्यांच्या हातापाया पडले. "दादा, एक तास बसा. आजच्यापुरतं." एकजण हसला, "पळायचं सोडून राजे-रजवाडे पाठ करू का?" पण आले बिचारे, घामाघूम होऊन. बाकं भरली.

भरलेला वर्ग बघून सरांना चेव चढला. फ्रेंच राज्यक्रांती त्यांनी अशी शिकवली की पोरं पळायचं विसरली. भाकरीसाठी रस्त्यावर उतरलेल्या बायकांवर त्यांनी मला प्रश्न विचारला. मी उठले आणि बोलतच राहिले. याच एका तासासाठी मी वर्षभर एसटीचे धक्के खात होते. खिडकीबाहेर अप्पा दिसले, तशी मी आणखी मोठ्यानं बोलले.

स्टँडवर अप्पा म्हणाले, "सर झकास शिकवून राह्यलेत. तू बी बराबर बोलली." मग हळूच म्हणाले, "पण इतक्या पोरांत तू एकटीच? हे कधी सांगितलं न्हाई. उद्यापासून घरी वाच. परीक्षेला मी आणून सोडीन."

पोरं मीच गोळा केली, एरवी तिथं चिटपाखरूही नसतं, हे सांगितलं असतं तरी कॉलेज सुटणारच होतं.

अप्पा रागावले असते तर मी भांडले तरी असते. एसटीत त्यांनी मला खिडकीजवळची जागा दिली. शेजारच्या माणसानं "पोरगी काय करते?" असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "शिकत होती. आता घरीच हाय. एखादं चांगलं स्थळ असलं तर सांगा."