बिब्ब्याचे दोन थेंब

परवा कासाच्या बाजारात कुणीतरी बिब्बा तापवत होतं. त्या करपट वासाने मला थेट २०१५ सालच्या आमच्या डहाणूच्या चिकूवाडीत नेलं.

चिकू उतरवणारा लहानू तळपायाच्या चामखिळीने बेजार होता. मी तापलेल्या बिब्ब्याचं तेल त्यावर सोडत वैद्याच्या थाटात गरजलो, "चामखिळी, चालती हो!" वाडीत कामाला आलेल्या बायका हसून लोळल्या.

"दादा, खूप आग होते!"

"होऊ दे, मुळं जळतायत!" मी आणखी दोन थेंब सोडले. त्याला डायबेटिस आहे का, हे विचारलंच नाही.

तो होता; जखम चिघळत गेली आणि महिन्याभरात पाय कापायची वेळ आली. डॉक्टर कडाडले, "साधी चामखीळ, औषधाने गेली असती! कुणी जाळली?"

"मीच, साहेब," लहानू म्हणाला.

आणि एरवी कुणाला बोलू न देणारा मी, शेजारी गप्प उभा राहिलो.