तीस प्रश्नांतल्या उड्या

रोह्याला परीक्षा घेणाऱ्या एका संस्थेत मी आकडेमोड करायचो, तेव्हाची गोष्ट. संगणकावरच्या परीक्षेत कॉपी करणारे पकडायला मी एक मॉडेल बांधलं होतं. उगाच बढाई मारत नाही, पण पोरानं माउस हातात घेतला की त्याच्या आजोबांचे मार्क सांगेल, असं ते मॉडेल! कुठल्या प्रश्नामागून कुठला उघडला, कशावर किती सेकंद थांबला, या क्रमावरून ते माणूस जोखायचं. हजारो मुलं एकानंतर दोन, दोननंतर तीन अशी जातात; जो तसा जात नाही तो लाल.

पेणची एक मुलगी लालभडक निघाली. पहिल्या प्रश्नावरून अकराव्यावर, तिथून एकोणिसाव्यावर, परत तिसऱ्यावर. वर शेवटची उत्तरं झटपट, आणि बरोबर. बाहेरून कुणीतरी उत्तरं पुरवतंय, असं मी ठणकावून लिहून दिलं. तिला सुनावणीचं पत्र गेलं. सुनावणीच्याच दिवशी संध्याकाळी पाचला डिप्लोमाच्या प्रवेशाची यादी बंद होणार होती. तोवर ती सुटली नाही तर वर्ष गेलं.

गाडी लेट झाली म्हणून ती आईला घेऊन साडेतीनला पोचली. नखांत सोनेरी रंग अडकलेला. समोर आमचे साहेब, बाजूला मी, छाती काढून.

"उड्या का मारल्यास?" मी विचारलं.

"उड्या नाय मारल्या, सर. आधी सगळे टक्केवारीचे केले, मग सगळे वेळ-वेगाचे, मग आकृत्या. मी गणपतीच्या कारखान्यात रंगाला जाते. तिथं आधी सगळ्या मूर्तींना अंगाचा रंग, मग सगळ्यांना पितांबराचा. एकेक मूर्ती पुरी करत बसलं तर दर वेळी ब्रश धुवायचा. गणपती दिवाळीत पोचतील!"

"आणि शेवटची उत्तरं एवढी झटपट?"

"सगळे प्रश्न आधीच वाचून ठेवले होते ना."

मी हसलो. साहेब हसले नाहीत. "नवा पेपर लावा. इथंच, आपल्यासमोर."

तीस प्रश्न, तीस मिनिटं. पहिली सहा मिनिटं तिनं एकही उत्तर दिलं नाही, नुसती पानं सरकवत राहिली. आई कुजबुजली, "हात चालव गो." माझ्या पडद्यावरची लाल पट्टी इतकी पेटली, की वर आधण ठेवलं असतं तर चहा झाला असता. पाच मिनिटं उरली. आठ आकृत्या बाकी. ती हवेत बोटानं आकृती फिरवायची, बटण दाबायची, पुढची घ्यायची. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. शेवटचं बटण आणि वेळ संपल्याची घंटा एकदमच वाजली.

अठ्ठावीस बरोबर. पहिल्या वेळेपेक्षा दोन जास्त. आणि मॉडेल अजून बोंबलतच होतं: कॉपी, कॉपी.

"बोला," साहेब म्हणाले, "तुमचं मॉडेल खरं, की माझे डोळे?"

पानंच्या पानं अहवाल लिहिणारा मी. त्या दिवशी दोनच शब्द लिहिले: मॉडेल चुकलं. खाली सही केली. साहेबांनी कागद प्रवेशाच्या ऑफिसला धाडला आणि फोनवरच होकार घेतला. आई भिंतीला टेकली. "झालं गो," एवढंच म्हणाली.

"पेणला अशी आणखी किती पत्रं गेली?" साहेबांनी मला विचारलं.

चार. चौघांपैकी कुणीच आलं नव्हतं. पत्र म्हणजेच निकाल समजून घरी बसले होते. मुलीनं माझ्या पडद्यावरच्या त्या चार नावांत डोकावून पाहिलं.

"दोघं आमच्याच कारखान्यातले हायत, सर. नंबर देऊ?"

पाचला पंचवीस मिनिटं होती. ती एकेक आकडा सांगत गेली, मी दाबत गेलो. पलीकडं घंटी वाजत राहिली.