बोंबलांची जोडी

बोईसरच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि मी पुन्हा सहा वर्षांची झाले. केळव्याच्या किनाऱ्यावर आई मला दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून काठीवर टांगायला शिकवत होती. "नीट अडकव गो, नायतर वाऱ्यानं पडतील." तिच्या ओल्या, खारट बोटांनी माझी बोटं धरली होती, आणि पायाखालची वाळू तापली होती. त्या वयात सगळंच मनात अडकून बसायचं.

गेल्या वर्षी, देवाघरी जायच्या आदल्या दिवशी, आईने मला जवळ बसवून बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी पन्नाशीची, डोक्यात कारखान्याची पाळी घेऊन नुसतं 'हो, हो' म्हणत राहिले. त्यातला एक शब्दही आठवत नाही.

सहाव्या वर्षी अडकवलेला एकही बोंबील मात्र पडला नव्हता.