बोरीखालची रेंज

माझ्या मामांइतकं बेइमान गिऱ्हाईक सबंध बसवकल्याण तालुक्यात कुठल्याच मोबाइल कंपनीला भेटलं नसेल. थ्री-जी आलं तेव्हा कंपन्यांची अशी चुरस लागली होती की आठवडी बाजारात भाजीच्या पाट्यांपेक्षा सिमकार्डवाल्यांच्या छत्र्याच जास्त. मामा प्रत्येक छत्रीखाली जाऊन सिम घेत आणि पानाच्या चंचीत टाकत. एकदा सुपारी समजून त्यांनी एक सिमच अडकित्त्यात धरलं. दोन तुकडे झाल्यावर म्हणाले, "जाऊ दे, ह्येला रेंज न्हवतीच." गाव सरहद्दीवरचं, त्यामुळे शेताच्या एका बांधावर फोन कर्नाटकात असे आणि दुसऱ्यावर महाराष्ट्रात. कुठल्या झाडाखाली कुठली कंपनी चालते, हे मामांना तोंडपाठ होतं. शेजारच्या अप्पांच्या अंत्यविधीला सगळे मान खाली घालून उभे असताना या गृहस्थांनी फोन उंच धरला आणि माझ्या कानाशी म्हणाले, "हितं फुल हाय बघ." मी हादरलोच.

एवढ्या चंचल माणसाकडे एक जुनं सिम मात्र कायम होतं, आणि तेही सगळ्यांत रद्दड कंपनीचं. महाराष्ट्रातल्या उमरग्याच्या बाजूच्या बांधावर, बोरीखाली, ते जेमतेम एक काडी रेंज पकडायचं. रोज दुपारी जेवण झालं की मामा फोन बोरीच्या फांदीला टांगून तिथं बसत. मला वाटे, हाही एक चक्रमपणा. त्याच सुमारास नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय निघाली, तेव्हा मीच त्यांना सांगितलं. ते चाट पडले.

"नंबर त्योच ऱ्हातोय? खरं सांगायलास?"

"व्हय मामा. एक आकडा बदलत न्हाई."

"मग कर बाबा."

आठवड्याभरात तो नंबर नव्या कंपनीत गेला. आता ओसरीवर, माजघरात, न्हाणीतसुद्धा पाचच्या पाच काड्या! मी शाबासकीची वाट पाहत होतो. मामा मात्र चार दिवस फोन पुढ्यात घेऊन ओसरीवर गप्प बसले, चंचीसुद्धा उघडली नाही. शेवटी मामींनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. माझे धाकटे मामा त्यांच्याशी भांडून पुण्याला निघून गेले, त्याला तीन वर्षं झाली होती, एवढं मला ठाऊक होतं. त्यांचा पत्ता नाही, नंबर नाही. पण त्यांना मामांचा तो एवढा एकच नंबर पाठ होता, हे मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी मामा पुन्हा बोरीखाली दिसले. नव्या कंपनीची रेंज तिथं औषधालाही नव्हती.

"मामा, घरी फुल रेंज असताना हितं कामून बसलाव?"

"घरी फुल हाय रे," ते म्हणाले. "फुल असून बी वाजंना. हितं निदान असं वाटतंय, की त्यो लावायलाय, अन् लागंना झालाय."

केवढा उपकार केल्यासारखा मी मिरवत होतो! मामांनी चंची उघडली, सुपारी कातरून अर्धी मला दिली, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.